चौथा प्रश्न

खोली नंबर अकराच्या दारावर नुसतं अकरा लिहिलेलं होतं. आत काय चालतं ते लिहिलं असतं तर त्या दाराकडे कुणी फिरकलं नसतं. तसंही येणारा प्रत्येक जण आधी शेजारच्या एक्स-रेच्या रांगेत पाच मिनिटं उभा राहायचा, ओळखीचं कुणी नाही ना ते बघायचा, आणि मग चुकून दार लोटल्यासारखं करून आत यायचा. आत आला की खुर्चीत असा बसायचा, जणू दहा मजले चढून आलाय.

आत कामाला तिघं. डॉक्टरीणबाई, ज्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, पण ओरडतानाही नाही. रक्त काढणारे काका, ज्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि ते रोज सकाळी न विचारता सांगायचे. आणि ताई. ताई शेहेचाळीस वर्षांची. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून बारा वर्षांनी मोठे असलेले काकासुद्धा.

ताईचं काम फोनचं. एखाद्याच्या रक्तात सिफिलिस निघाला, की गेल्या काही महिन्यांत त्याचा कुणाकुणाशी संबंध आला ते त्याच्याकडून गोडीगुलाबीनं काढून घ्यायचं, एकेकाचं पिवळं कार्ड करायचं आणि त्या माणसांना फोन करून तपासणीला बोलवायचं. नाव कुणी दिलं ते मात्र सांगायचं नाही, कुणी पाया पडलं तरी नाही. ऐकायला सोपं वाटतं. ज्याला सोपं वाटतं त्यानं एक दिवस त्या खुर्चीत बसून बघावं. समोरचा आधी शिव्या देतो, मग रडतो, मग विचारतो की बायकोला कळेल का. क्रम इकडेतिकडे होतो, पण तिन्ही होतं.

कार्डावर वरच चार प्रश्न छापलेले होते. आपलं नाव हेच ना? आपण एकटे आहात का? आता बोलायला वेळ आहे का? आणि चौथा, आज आपण काही घेतलं आहे का? चौथ्याचं उत्तर 'हो' आलं तर पुढं एक अक्षर बोलायचं नाही, पुन्हा करते म्हणून फोन ठेवून द्यायचा. हा चौथा प्रश्न ताईनंच घालायला लावला होता. अकरा वर्षांपूर्वी तिनं एका ट्रकवाल्याला फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं. तो हो हो म्हणाला, आणि तासाभरात घरी जाऊन त्यानं बायकोचा हात मोडला. भर दुपारी प्यायलेला होता तो, आणि ताईला ते आवाजावरून कळलं नव्हतं. जिच्या स्वतःच्या घरात दारू मुक्कामाला होती तिला कळलं नव्हतं, हे तिच्या मनाला फार लागलं.

तर एका मंगळवारी एक बाई आली. चाळिशीची, हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीला. मनगटांवर वाफेचे जुने डाग. तिचा रिपोर्ट आदल्या दिवशीच आला होता आणि डॉक्टरीणबाईंनी तिला पहिलं इंजेक्शन देऊनही झालं होतं, त्यामुळे ती खुर्चीच्या एका कडेवर कलंडून बसली होती. लपवाछपवी करणाऱ्यांतली ती नव्हती.

"दोघांची नावं सांगते," ती म्हणाली. "तिसऱ्याचं माहीत नाही. मी प्यायलेली, तो माझ्या दुप्पट प्यायलेला. खोटं कशाला बोलू?"

"काही वापरलं होतं का?"

"शुद्ध कुणाला होती, बाई."

हे वाक्य ताईनं इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्याचा कार्डावर वेगळा रकाना करायला हरकत नव्हती. तिनं तिसरं कार्ड पुढं ओढलं. "ओळख पटेल असं काही?"

"लिफ्ट दुरुस्त करतो. दोन-अडीच महिन्यांपूर्वी आमच्या हॉटेलची लिफ्ट अडकली तेव्हा आला होता. मग चार-पाचदा भेटलो. नंबर आहे माझ्याकडे, थांबा." ती पिशवीत मोबाइल शोधायला लागली. "माणूस वाईट नाही हो. जास्त झाली की रडतो, एवढंच. डाव्या खांद्यावर भाजल्याचा डाग आहे, तिकोनी. मी म्हटलं, ही इस्त्री आहे, मला नको शिकवू, माझा जन्म इस्त्रीत गेला. तर हसला. म्हणे, लहानपणी ताईनं भाजलं. पण आता तीच ताई त्याच्यासाठी सगळीकडे फोन करते म्हणे. साहेबाला, घरमालकाला, बायकोला. मी काहीही करावं, ताई एक फोन करते की मिटलं, असं म्हणत होता. नशीब लागतं अशी बहीण मिळायला. हं, सापडला. घ्या लिहून."

बाई एकेक आकडा वाचायला लागली, आणि शेवटचे चार आकडे तिनं वाचायच्या आधीच ताईनं लिहून टाकले. बाईच्या ते लक्षात आलं नाही.

तो डाग ताईनंच केलेला. ती बारा वर्षांची होती, भाऊ सहाचा. आई कामावर गेलेली, शाळेला उशीर होत होता, ती त्याचा सदरा इस्त्री करत होती आणि हा मागून येऊन गळ्यात पडत होता. हिनं वैतागून हात झटकला, त्या हातात इस्त्री होती. चार दिवस तो कळवळत होता, पण आईनं विचारलं की म्हणायचा, मीच हात लावला. सहा वर्षांच्या पोरानं बहिणीवर पांघरूण घातलं, आणि चौतीस वर्षं झाली, बहीण त्याची फेड करत होती. कागदोपत्री त्याला चांगलं भारदस्त नाव होतं, पण घरात तो बारक्या. पोट सुटलं, कानाशी केस पिकले, तरी बारक्याच.

बारक्या शाळेत असताना पहिल्यांदा पिऊन आला तेव्हा ताईनं मास्तरांना कळवलं, त्याला ताप आहे. नोकरीला लागला तेव्हा तापानं भागेना, मग पोट बिघडलं, पाठ धरली, मावशी वारली. त्या एका मावशीला ताईनं तीन वेगवेगळ्या साहेबांपाशी तीनदा मारलं होतं. मावशी अजून ठणठणीत होती आणि दर महिन्याला फोन करून विचारायची, बारक्या कसा आहे गं? ताईनं स्वतःचं लग्न केलं नाही. केलं असतं तर नवऱ्याला आधी भावाचं वेळापत्रक समजावून सांगावं लागलं असतं, असं ती गमतीनं म्हणायची. ऐकणारे हसायचे. ती हसायची नाही.

बारक्याचं लग्न मात्र पाच वर्षांपूर्वी झालं. भावजय चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, शांत आणि नेमकी बाई. तिला आता सातवा महिना लागला होता. तिसऱ्या महिन्यात तिची सगळी रक्ततपासणी याच इस्पितळात झाली होती, तेव्हा सगळं स्वच्छ होतं. पण ते तिसऱ्या महिन्यातलं. लाँड्रीवाली बाई त्यानंतरची.

खोली अकराचा नियम असा होता, की ओळखीच्या माणसाचं कार्ड निघालं तर ते त्याच दिवशी काकांकडे द्यायचं. काका मग आपल्या घोगऱ्या आवाजात फोन करायचे आणि माणसं घाबरून का होईना, यायची. ताईनं ते कार्ड उचललं, काकांच्या टेबलापर्यंत गेली, काका म्हणाले, "काय गं, ताई?" ती म्हणाली, "काही नाही, तुमचा चहा गार होतोय." परत येऊन तिनं कार्ड स्वतःच्या खणात टाकलं. मी बघते. तिचा सगळा जन्म या दोन शब्दांवर चालला होता.

बुधवारी अकरा वाजता तिनं फोन केला.

"तायडे? तू इस्पितळाच्या फोनवरून कशी?"

"एकटा आहेस का?"

"लिफ्टच्या डोक्यावर उभा आहे, नवव्या मजल्याशी. इथं कोण येणार सोबतीला?"

"बोलायला वेळ आहे?"

"तुझ्यासाठी वेळच वेळ."

"आज काही घेतलंयस का?"

तो हसला. "एवढीशी. हात थरथरला तर स्क्रू खाली पडतो ना. बोल, काय?"

"नंतर करते," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटत होतं. आज सांगावं लागलं नाही. नियमच तसा आहे, त्याला ती काय करणार?

गुरुवारी त्यानं घेतली होती. शुक्रवारी घेतली होती. शनिवारी तर विचारायचीही गरज पडली नाही, तो फोनवर गाणं म्हणत होता. दर वेळी ताईनं कार्डाच्या मागं तारीख टाकली आणि पुढं लिहिलं, घेतलेली होती, पुन्हा करणे. अकरा वर्षांपूर्वी एका बाईच्या मोडलेल्या हातासाठी घातलेला तो प्रश्न आता ताईच्या फार सोयीचा पडत होता. तिला हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण कळणं आणि करणं यांत तिनं आयुष्यभर एक फोन आडवा ठेवलेला होता.

भावजयीला मात्र ती रोज संध्याकाळी न चुकता फोन करायची. जेवलीस का, पायाला सूज आहे का, लोहाची गोळी घेतली का. गुरुवारी तिनं कसंबसं म्हणून टाकलं, "आता दिवस जवळ येतायत, जरा वेगळं झोपत जा गं."

"ताई, तो पलंगापर्यंत पोचला तर ना वेगळं झोपायचं," भावजय म्हणाली. "महिन्यातून एखादा दिवस शुद्धीवर असतो. त्या दिवशी अगदी शहाण्यासारखा माझे पाय चेपून देतो. बाळाशी बोलतो. त्या एका दिवसावर मी बाकीचे काढते." आणि मग म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून चाललंय हो, ताई. एरवी मी हात टेकले असते."

रविवारी सकाळी सातलाच ताई त्यांच्या घरी गेली. उठल्या उठल्या गाठायचं, बाटलीच्या आधी, असा तिचा बेत. भावजय आत झोपली होती. बारक्या मोरीपाशी आरशासमोर दाढी करत होता. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं, आणि वस्तरा धरलेला हात असा हलत होता की बघणाऱ्यालाच धडकी भरावी. ताईनं त्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला, त्याला मोडक्या स्टुलावर बसवलं आणि स्वतःच त्याची उरलेली दाढी करायला लागली. त्यानं गप डोळे मिटून मान वर केली. अंगात बनियन होतं, त्यामुळे खांद्यावरचा डाग दिसत होता, वयाबरोबर तोही मोठा झालेला.

"बारक्या, एक विचारू?"

"ऊं."

"तुला काही आठवतं का रे? पिऊन कुठं जातोस, कुणाबरोबर असतोस?"

तो साबणाच्या फेसातून म्हणाला, "कधी कधी सकाळी खिशात दुसऱ्याच कुणाच्या खोलीची किल्ली असते. मी फेकून देतो. विचार नाही करत. विचार केला की हात जास्त हलतात."

हीच वेळ होती. घरात शांतता, बायको झोपलेली, तो समोर बसलेला, गळ्याशी वस्तरा, म्हणजे पळून जायचीही सोय नाही. ताईनं श्वास घेतला आणि तिच्या तोंडून सवयीनं चौथा प्रश्नच बाहेर आला. "आज काही घेतलंयस का?"

"घेतल्याशिवाय उभा तरी राहिलो असतो का मी?" मोरीच्या कठड्यावर, दात घासायच्या पेल्यात, त्यानं आधीच ओतून ठेवलेली होती आणि अर्धी संपवलेली होती. तो डोळे न उघडता म्हणाला, "बोल ना, काय सांगायचंय?"

"काही नाही. मान सरळ धर."

दाढी झाली. त्यानं आरशात बघून गालावरून हात फिरवला, तिच्याकडे बघून लहानपणीसारखा हसला, आणि म्हणाला, "तायडे, उद्या साहेबांना फोन करशील का? आज रविवार, जरा बसणं होईल." आणि सोमवारी सकाळी साडेआठला ताईनं साहेबांना फोन केला आणि सांगितलं की त्याचं पोट बिघडलंय. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती, पण आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. सरावाचा होता तो.

मग तिनं तिच्या मते एक युक्ती केली. सातव्या महिन्यात गरोदर बाईचं रक्त पुन्हा एकदा तपासतात, यात खोटं काहीच नव्हतं. भावजयीला तिनं बुधवारी बायकांच्या विभागात बोलावलं, स्वतः रांगेत उभं राहून कागद करून दिला, रक्त दिल्यावर तिला बिस्किटं खायला घातली. मनात हिशेब असा, की रिपोर्ट चांगला आला तर प्रश्नच मिटला. वाईट आला तर रक्त कमी आहे म्हणून सांगू आणि इंजेक्शन देऊन टाकू. बाळ वाचेल, संसार वाचेल, बारक्याला मग सवडीनं बघू. अशा कामांत ती इतकी वर्षं मुरली होती, की हे आपण काय योजतोय याचा तिला धक्कासुद्धा बसला नाही.

शुक्रवारी सकाळी काकांनी तिच्यापुढं एक कागद ठेवला. आज ते निवृत्तीचं काही बोलले नाहीत. "बायकांच्या विभागातून आलंय," ते म्हणाले. "दोनदा करून बघितलं मी. आडनाव तुझंच आहे गं, ताई."

तिनं कागद वाचला. वाचायचा एकच शब्द होता, पॉझिटिव्ह.

"हिच्या नवऱ्याचं कार्ड आपल्याकडे असणार," काका म्हणाले. "माझ्याकडे तर आलं नाही." ते तिच्या खणाकडे बघत नव्हते, मुद्दाम खिडकीकडे बघत होते. ताईनं खण उघडला आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मागची बाजू वाचली. तारखा, आणि दर तारखेपुढं तेच वाक्य. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "बाईंना सांगायला हवं," एवढंच म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. ताई उभीच होती. ती म्हणाली, "तिला रक्त कमी आहे म्हणून सांगून इंजेक्शन दिलं तर? तिला धक्का नको आता, या दिवसांत."

"आणि नवऱ्याला?"

"त्याला मी बघते."

"त्याला तसंच ठेवलं तर महिनाभरात ती पुन्हा इथं येईल, तेच घेऊन. हे मी तुम्हाला शिकवायचं का, ताई?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "किती दिवस झाले कार्डाला?"

"दहा."

"उशीर झाला असता तर बाळ जन्मतःच आजारी निघालं असतं, किंवा निघालंच नसतं. हातात वेळ होता, म्हणून अजून बरं होईल. तुमच्यामुळे नाही, नशिबानं." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही बाहेर बसा. तिला मी सांगते."

"मला आत बसू द्या."

"ते ती ठरवेल."

भावजय दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली. बोटांना काच घासायची पांढरी भुकटी लागलेली. ताई बसलेली चालेल का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "ताई नको कशाला? ताई तर हव्यातच." आणि खुर्चीत मागं टेकून बसली, दोन्ही हात पोटावर.

डॉक्टरीणबाईंनी साध्या शब्दांत सांगितलं. आजाराचं नाव, तो कशानं होतो, कशानं बरा होतो. आज एक इंजेक्शन, मग दर आठवड्याला एक, अशी तीन. बाळासाठीही तेच औषध. नवऱ्याची तपासणी आणि औषध झाल्याशिवाय त्याला जवळ येऊ द्यायचं नाही. दारूनं हात थरथरत असतील तर घरच्या घरी एकदम बंद करायची नाही, जिवावर बेततं, त्यासाठी इथं वर दाखल करावं लागेल. भावजय सगळं ऐकत होती. मधे तिनं एकदाच विचारलं, इंजेक्शन फार दुखतं का. दुखतं, बाई म्हणाल्या. ती बरं म्हणाली.

मग तिनं आजूबाजूला बघितलं. कपाट, टेबल, टेबलावरचा फोन, पिवळ्या कार्डांचा गठ्ठा. ती डोळ्यांचे नंबर तपासणाऱ्यांबरोबर काम करणारी बाई होती, तिला बघायची सवय होती.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही याच खोलीत काम करता ना? मला वाटायचं इस्पितळाच्या फोनवर बसता."

"इथंच करते."

"मग तुम्हाला कधी कळलं?"

ताईनं आयुष्यात हजार खोट्या गोष्टी सांगितल्या होत्या. ताप, पाठ, पोट, मावशी. आत्ताही एक जिभेवर आली होती. आजच कळलं गं, तुझ्याबरोबरच. डॉक्टरीणबाई काही बोलल्या नसत्या. काका बोलले नसते.

"दहा दिवस झाले," ताई म्हणाली.

भावजयीनं मान हलवली, जणू दुकानात कुणी काचेचा नंबर सांगितला. "दहा दिवस तुम्ही मला रोज फोन करत होतात."

"हो."

"गोळी घेतली का ते विचारायला."

ताईनं टेबलावरचा कार्डांचा गठ्ठा उगाच सरळ केला.

"परवा तो शुद्धीवर होता," भावजय म्हणाली. "महिन्यातला तो एक दिवस. जेवण त्यानं केलं. माझे पाय चेपले." पुढं काय ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. "तुमचा फोन आला होता त्याच संध्याकाळी, ताई. मी तुम्हाला म्हटलंसुद्धा, आज चांगला आहे."

म्हटलं होतं. ताईला आठवत होतं. तिनं ऐकलं होतं आणि तिला बरं वाटलं होतं, भाऊ एक दिवस तरी चांगला आहे म्हणून. तो शुद्धीवर होता, चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी 'नाही' होतं. पलीकडे तो बसलेला होता, फक्त फोन त्याला दे म्हणायचं होतं. ते तिच्या डोक्यात आलंच नाही. खोटं कशाला बोला, आलं होतं. आजच्या दिवस राहू दे, असं तिला वाटलं होतं.

तिनं भावजयीच्या हातावर हात ठेवला. भावजयीनं झटकला नाही. तिनं सावकाश आपला हात काढून घेतला आणि परत पोटावर ठेवला. झटकला असता तर ताईला सोसलं असतं.

काकांनी इंजेक्शनचं तबक आणलं. तेवढ्यात ताईचा मोबाइल टेबलावर थरथरायला लागला. पडद्यावर नाव आलं, बारक्या. सगळ्यांनी वाचलं. तो या वेळेला का करतो हेही नणंद-भावजयीला ठाऊक होतं. सकाळी कामावर गेला नसणार, आणि आता साहेबांना सांगायला कुणीतरी हवं असणार.

ताईनं हात पुढं केला. भावजयीचा हात आधी पोचला. तिनं बटण दाबलं आणि आवाज मोठा केला.

"तायडे," आतून आवाज आला, ओला आणि मऊ. "साहेबांना एक फोन कर ना गं. सांग की जरा..."

भावजयीनं गठ्ठ्यावरचं कोरं पिवळं कार्ड ओढून घेतलं. वरचे छापलेले प्रश्न ती वाचायला लागली, दुकानात गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचतं तशी, एकेक शब्द सुटा. पहिल्या प्रश्नात तिनं नवऱ्याचं पूर्ण नाव घातलं, कागदोपत्री असलेलं, जे घरात कुणीच वापरत नव्हतं.

"कोण बोलतंय?" तो म्हणाला. "तू आहेस का? तू ताईकडे काय करतेयस?"

"आपण एकटे आहात का?"

"अगं, काय झालं? बाळाला काही झालं का?"

"आता बोलायला वेळ आहे का?"

"आहे. आहे ना. अगं, बोल."

"आज आपण काही घेतलं आहे का?"

पलीकडून नुसता श्वास येत होता. मागं कुठंतरी नळ गळत होता, त्यांच्याच मोरीतला, दोघींना ओळखीचा. मग तो अगदी हळू म्हणाला, "थोडीशी."

ताईचा हात आपोआप फोनकडे गेला. अकरा वर्षांची सवय होती, हो म्हटलं की ठेवायचा. डॉक्टरीणबाईही खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या, आणि तशाच थांबल्या. भावजयीनं फोन उचलून ताईच्या हाताला लागणार नाही असा पलीकडे धरला.

"असू दे," ती म्हणाली. "तरी ऐक."